वसंतातील हिम व माघारीचे शहाणपण

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळींची व्याख्याने होत आली आहेत. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक साधा मास्तर. चिटणीसांनी मला आज्ञा केली की, "मास्तर, कानडाला जाऊन आलात, तेथील चार गोष्टी सांगा." तेथील उंच इमारती आणि नायगराचा धबधबा यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत; म्हणून मी ती करीत नाही. डोंगरावरचे वसंत ऋतूतले हिम, त्या हिमावर धावणारी गाडी आणि त्याच हिमाचा कोसळणारा लोट, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

हा विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले, ते मला ऐकू आले. थंडीत शेतावर दहिवर पडले की पीक करपते, यापलीकडे आपला हिमाशी संबंध कोणता, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संबंध आहे, आणि तो या सभागृहातील काही मंडळींच्या जिवाशी आहे. तो ओघाने सांगेन. थोडा धीर धरावा, ही विनंती.

२०२३ च्या मार्चअखेरीस मी सपत्नीक कॅल्गरी शहरी मुलीकडे गेलो. आमचे जावईबापू तेथे अभियंते आहेत. त्यांना एक नाद आहे, तो म्हणजे स्नोमोबाईलचा. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा दातेरी फिरता पट्टा आणि मध्ये मोटारसायकलीसारखी बैठक, असे या गाडीचे स्वरूप असते. डोंगरासाठी बनविलेल्या गाडीचे वजन दोनशे किलोंहून अधिक, आणि शक्ती दीडशे घोड्यांहून अधिक. जेथे माणूस कमरेपर्यंत रुतेल, तेथे ही गाडी तरंगत जाते आणि भिंतीसारख्या चढावर चढते.

या गाडीचा जन्म मात्र खेळापायी झालेला नाही. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावचे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हे यंत्रांचे कारागीर होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते हिमाने बंद होते. त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि मूल गेले. हिमावरून चालणारे वाहन बनविण्याचा उद्योग या गृहस्थांनी आधीपासूनच मांडला होता. त्या दुःखानंतर तो त्यांनी अधिकच नेटाने चालविला. १९३७ साली त्यांना चक्र व पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले, आणि १९५९ साली एकदोन माणसांची हलकी 'स्की-डू' बाजारात आली. जीव वाचविण्यासाठी ज्याचा ध्यास घेतला गेला, ते वाहन पुढे जीव धोक्यात घालण्याचेही साधन झाले. यात दोष वाहनाचा नाही, हे पुढे कळेल.

एका शुक्रवारी आम्ही सर्व जण रेव्हेलस्टोक या गावी गेलो. कॅल्गरीहून पश्चिमेस सुमारे चारशे किलोमीटरांवर, कोलंबिया नदीच्या काठी, सेल्कर्क आणि मोनाशी या दोन पर्वतरांगांच्या कुशीत हे गाव आहे. वाटेत रॉजर्स पास नावाची खिंड लागते. ४ मार्च १९१० रोजी रात्री तेथे लोहमार्गावर आलेला हिमाचा ढिगारा मजूर उपसत होते. एका बाजूचा ढिगारा उपसत असता दुसऱ्या बाजूने दुसरा लोट आला आणि ५८ मजूर जागच्या जागी गाडले गेले. पुढे रेल्वे कंपनीने डोंगराखालून बोगदा खणला; १९१६ साली तो सुरू झाला. त्याच मुलखात, शंभर वर्षांनी, १३ मार्च २०१० रोजी रेव्हेलस्टोकजवळच्या बोल्डर पर्वतावर सुमारे दोनशे स्नोमोबाईलवाले जमले होते. उभ्या उतारावर सर्वांत उंच कोण पोहोचतो, अशी चढाओढ चालली होती आणि बाकीचे पायथ्याशी उभे राहून पाहत होते. उतार सुटला. दोघे मृत्यू पावले, तिसाच्या आसपास जखमी झाले. हिमलोटाचा धोका मोठा आहे, अशी सूचना आधीच प्रसिद्ध झालेली होती.

शनिवारी पहाटे जावईबापू आणि त्यांचे तीन सोबती निघाले. त्यांत एक तेथलाच जुना जाणता, एक पंजाबी तरुण, आणि एक नवखा, वयाने सर्वांत लहान. रात्रभर आकाश ढगाळ होते. पहाटे ढग पांगले आणि असा काही लख्ख सूर्य उगवला की मी खिडकीतून पाहतच राहिलो. निळे आकाश, पांढरी शिखरे, वाऱ्याची झुळूक नाही. मनात म्हटले, दिवस कसा सत्कारणी लागणार! आणि दहा वाजतात न वाजतात तोच मंडळी परत आली. गाड्या ट्रेलरवर चढविलेल्या, तोंडे उतरलेली.

मी म्हटले, "जावईबापू, एवढ्यात कसे परतलात? चारशे किलोमीटर आलात, पेट्रोल जाळले, खोलीचे भाडे भरले, आणि असा सोन्यासारखा दिवस टाकून आलात?" खरे सांगतो, मनात मला ते भित्रेपणाचे वाटले. ते एवढेच म्हणाले, "बाबा, रात्री हिम गोठलेच नाही." मला अर्थबोध झाला नाही. पस्तीस वर्षे मी मुलांना हिमरेषा, हिमनदी, हिमवृष्टी शिकविली. पण रात्री हिम न गोठण्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. संध्याकाळी त्यांनी तो कागदावर चित्रे काढून सांगितला, तो असा:

डोंगरावरचे हिम म्हणजे एकजीव दगड नव्हे. प्रत्येक वादळागणिक एक थर पडतो आणि थरावर थर चढून पोथीच्या पानांसारखी चवड होते. थंडीत एका थराचे कण शेजारच्या कणांना चिकटतात. पण एखादा थर चिकटतच नाही. हिवाळ्याच्या आरंभी थोडेसे हिम पडून वर कडक थंडी पडली, तर ते हिम साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होते. त्या हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत तेच झाले होते. नोव्हेंबरातले हिम असे सुटे होऊन तळाशी राहिले आणि वर महिनोन् महिने थर चढत गेले. साखरेच्या पोत्यावर फरशी ठेवावी आणि पोते तिरके करावे, तशी ती स्थिती.

आता वसंत येतो. सूर्य वर चढतो, दिवस मोठा होतो. दुपारी वरचे हिम वितळते आणि ते पाणी कणाकणांतून खाली झिरपते. कणांना धरून ठेवणारे सांधे पाण्याने सैल होतात. पावसाळ्यात डोंगराची माती पाणी पिऊन फुगते आणि दरड कोसळते, हे आपल्या सह्याद्रीने आपणांस दोनदा फार क्रूरपणे शिकविले आहे: ३० जुलै २०१४ रोजी माळीणला आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीला. हिमाचेही मूळ दुखणे तेच, पाणी मुरले की धरून ठेवणारी पकड सुटते. फरक एवढाच की, डोंगरावर हा पावसाळा दररोज दुपारी येतो आणि रात्री ओसरतो.

रात्री ओसरतो, पण केव्हा? आकाश निरभ्र असेल तर हिमाची उष्णता आकाशात निघून जाते, पृष्ठभाग कडक गोठतो आणि सकाळी त्यावर माणूस उभा राहिला तरी रुतत नाही. हे ज्ञान आपल्याकडेही आहे. आकाश स्वच्छ असलेल्या रात्री दव गोठेल, या चिंतेने निफाडचा द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवितो, आणि ढग आले की निश्चिंत झोपतो. तेच ढग डोंगरावर मात्र वैरी होतात. गोधडीसारखे ते हिमाची उष्णता धरून ठेवतात. रात्र जाते, पण हिम ओलेच राहते. आणि सकाळी स्वच्छ आकाशातून सूर्य तापू लागला की आदल्या दुपारच्या ओलाव्यावर नव्या ओलाव्याची भर पडते. मला जो दिवस सोन्यासारखा दिसला, तो त्या चौघांना अशा कारणाने भयंकर दिसला.

त्यांनी केवळ तर्क केला नव्हता. खुणा पाहिल्या होत्या. पहिली खूण पायाखालची. सकाळी आठ वाजताच बूट घोट्याच्या वर रुतला. दुसरी खूण, उतारावरून हिमाचे गोळे आपोआप गाडीच्या चाकासारखे गुंडाळत खाली येत होते. तिसरी खूण, समोरच्या पूर्वाभिमुख उतारावर नुकत्याच सुटलेल्या छोट्या लोटाचा चरा दिसला. चौथी खूण माथ्यावर होती. वाऱ्याने हिम साचून कड्याबाहेर पडवीच्या छपरासारखा छज्जा होतो. ऊन लागले की तो मोडतो आणि त्याच्या आघाताने खालचा सबंध उतार सुटू शकतो. याखेरीज कधी पायाखाली हिम धप्प असा आवाज करून बसते, कधी त्यात भेग पडून ती सरसर धावत जाते. हा डोंगराने दिलेला अखेरचा इशारा समजावा.

भूगोलाचा मास्तर म्हणून मला आनंद झाला तो दिशांच्या विचाराचा. सूर्य आधी पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांना तापवितो, मध्यान्ही दक्षिणेकडच्या, आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडच्या. जाणते लोक त्यानुसार मार्ग आखतात आणि ऊन पोहोचण्यापूर्वी तो उतार सोडतात. उत्तरेकडच्या उतारांना ऊन कमी लागते, म्हणून तेथे कोरडे हिम आणि जुना कच्चा थर पुष्कळ दिवस टिकतो. तेथे सावलीचा भरवसा धरणारा फसतो. उताराचा कोनही मोजावा लागतो. बहुतेक लोट तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. आपल्या घरातील जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे धोक्याचा आरंभ जिन्याच्या चढापासून होतो. आणि स्नोमोबाईलवाल्यांना हौस असते ती नेमकी त्याच चढांची.

चित्रपटांतून ओरडल्याने हिमकडा कोसळतो, ते खोटे आहे. गाडीच्या आवाजाने उतार सुटत नाही. तिच्या नि माणसाच्या भाराने सुटतो. म्हणून उतारावर एका वेळी एकानेच जावयाचे, बाकीच्यांनी उताराखाली न थांबता बाजूला सुरक्षित जागी थांबावयाचे. एखाद्याची गाडी वर रुतली तर मदतीस दुसरा धावला की उतारावरचा भार दुप्पट होतो आणि गाडले जाणारे एकाऐवजी दोन होतात. बोल्डर पर्वतावर हाच नियम मोडला होता. मैत्रीपोटी वर धावू नये, हा नियम प्रथम मला निष्ठुर वाटला. विचार केल्यावर कळले की, खाली शाबूत राहिलेला मित्रच खणून काढू शकतो.

कारण खणणारा दुसरा कोणी नसतो. लोटाखाली सापडलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांपैकी एखादाच. हेलिकॉप्टर येईतो तास जातो. म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू असतात: अंगावर बांधलेले ट्रान्सीव्हर, म्हणजे संकेत पाठविणारे व शोधणारे यंत्र; हिमात खुपसून पाहण्याची लांब घडीची सळई; आणि फावडे. या वस्तू पाठीवर असाव्या लागतात, गाडीत नव्हे, कारण गाडीही गाडली जाते. वसंतातला ओला लोट कोरड्यापेक्षा सावकाश येतो, पण फार जड असतो. ताज्या हिमाच्या घनमीटरचे वजन शंभर किलो किंवा त्याहून कमी. ओल्या लोटाच्या ढिगाऱ्याचे पाचशे किलो व त्याहूनही अधिक. थांबताक्षणी तो सिमेंटासारखा घट्ट होतो आणि आतल्या माणसाला बोटही हलविता येत नाही.

रेव्हेलस्टोकमध्येच 'अव्हलांच कॅनडा' या संस्थेचे कार्यालय आहे. ही संस्था हिवाळाभर रोज सायंकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज प्रसिद्ध करते. धोक्याच्या पायऱ्या पाच. आम्हां मास्तरांना वाटेल, पाचांपैकी तीन म्हणजे काठावर उत्तीर्ण. पण तिसरी पायरी म्हणजेच 'लक्षणीय धोका', आणि पुष्कळ माणसे याच पायरीवर दगावतात. कारण चौथ्या-पाचव्या पायरीवर लोक घरी बसतात, तिसरीवर मात्र "जाऊन तर पाहू" म्हणतात. वसंताच्या अखेरीस हे दैनिक अंदाज बंद होतात. हिम मात्र वर असतेच. तेव्हा स्वतःचे डोळे हाच अंदाज.

मी जावईबापूंना विचारले, "परत फिरावयाचे कोणी ठरविले?" मला वाटले, त्या जाणत्याने. ते म्हणाले, "त्या लहान मुलाने. बूट रुतला तेव्हा तोच प्रथम म्हणाला, मला हे बरोबर वाटत नाही. आमचा नियम आहे बाबा, चौघांपैकी एकाचा नकार पुरेसा. त्याला कारण विचारायचे नाही, नंतर चिडवायचेही नाही." एकाची इच्छा राहिली होती, थोडी कुरबुर झाली, पण चौघेही फिरले.

आता तो संबंध सांगतो. हे घडले शनिवारी. पुढल्या मंगळवारी, म्हणजे ४ एप्रिल २०२३ रोजी, सिक्कीममध्ये गंगटोकहून नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर, पंधराव्या मैलाजवळ, भर दुपारी बाराच्या सुमारास हिमाचा लोट आला. सात पर्यटक मृत्यू पावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते, तरी मंडळी पुढे गेली होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. त्या आठवड्यात आपल्या ज्ञातीतील सहा कुटुंबे गंगटोकला सहलीस गेली होती, आणि त्यांत माझा धाकटा भाऊ व भावजय होती. बातमी कळल्यापासून फोन लागेपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत आमच्या घरात कोणी चहाचा घोट घेतला नाही.

फोन लागला. सर्व सुखरूप होते. पण भाऊ बोलता बोलता रडू लागला. तो म्हणाला, "दादा, रविवारी आम्ही त्याच रस्त्यावर होतो. परवाना अलीकडचाच होता. ड्रायव्हर म्हणत होता, 'साब, दोपहर हो गई, वापस चलो.' आम्ही म्हटले, इतक्या लांबून आलो, मुलांना बर्फ दाखवू दे. पाचशे रुपये जास्त दिले आणि पुढे नेले. मुले तासभर त्या उताराखाली खेळली." त्याच्या संमतीनेच मी हे आपणांस सांगत आहे. त्या सहलीतील मंडळी आज समोर बसली आहेत, त्यांनी राग मानू नये. मी त्यांना दोष देण्यास उभा नाही. "इतक्या लांबून आलो" हे त्यांचे शब्द ऐकताच माझ्या अंगावर काटा आला. कारण तीनच दिवसांपूर्वी जावयाला मी तेच ऐकविले होते. मी गंगटोकला असतो, तर ते पाचशे रुपये मीच काढून दिले असते.

बंधु-भगिनींनो, हिमालय आपलाच आहे. आपली मुले गुलमर्गला स्नोमोबाईलवर बसतात, आपली कुटुंबे एप्रिल-मेच्या सुटीत सिक्कीमला नि मनालीला जातात. त्याच गुलमर्गच्या अफरवट पर्वतावर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमलोटात दोन पोलिश स्कीपटू दगावले. आपल्या देशातही हे शास्त्र आहे. १९६९ साली मनालीस स्थापन झालेल्या हिम व हिमस्खलन अभ्यास संस्थेचा वारसा आज चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था चालविते आणि हिमालयातील हिमलोटांचे इशारे देते. उणीव आहे ती इशारा ऐकण्याच्या सवयीची.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे. यापुढे ज्ञातीची सहल हिमाच्या प्रदेशात निघेल तेव्हा चार गोष्टी पाळाव्यात. पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी उताराखालून बाहेर पडावे. परवाना जेथे संपतो तेथे थांबावे. ड्रायव्हर 'वापस' म्हणाला तर त्यास जास्त पैसे देऊ नयेत, आभार मानावेत. आणि चौथी, आपल्याकडे सर्वांत अवघड: सहलीतील कोणीही, सून असो वा शाळकरी मूल, "मला भीती वाटते" म्हणाले, तर सर्वांनी फिरावे. आपल्या घरांत निर्णय वडीलधाऱ्यांचा असतो आणि लहानांनी गप्प बसावयाचे असते. मीही तसाच वागत आलो. पण हिमाला वय कळत नाही; बूट रुतलेला कोणी प्रथम पाहिला, एवढेच तेथे महत्त्वाचे.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना आणखी एक सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनी त्या मंगळवारी रात्री जावयाची गाडी विकून टाकावी असा हट्ट धरला होता. मी तिला आवरले. बंदीने तरुण थांबत नाहीत. फक्त सांगेनासे होतात. त्यापेक्षा विचारावे की, हिमलोटाचे शिक्षण घेतले आहे काय, ट्रान्सीव्हरने शोधण्याचा सराव केला आहे काय, सोबत कोण आहे, रात्री हिम गोठले काय, आणि किती वाजता फिरणार. आता दर शनिवारी जावईबापूंचा फोन येतो आणि मी विचारण्यापूर्वीच ते म्हणतात, "बाबा, रात्री गोठले होते." कधी म्हणतात, "आज घरीच आहोत." या दुसऱ्या उत्तराने मला अधिक आनंद होतो, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.